सुका कचरा केंद्रावर पहिल्यांदाच येताय? मग हे वाचून या

महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी आमचं केंद्र उघडतं. केंद्र म्हणजे पुण्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगचा कोपरा, घडीची दोन टेबलं, एक वजनकाटा आणि भिंतीला टेकवलेल्या गोण्या. पगारी माणूस एकही नाही. बँकेतून निवृत्त झालेले काका, कॉलेजची पोरं, आसपासच्या सोसायट्यांमधल्या काकू आणि ज्याला वेळ असेल तो. असली केंद्रं आता बऱ्याच गावांत आहेत. थोडाफार फरक सोडला तर काम सगळीकडे सारखंच.

नवीन माणूस पिशवी घेऊन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे रिसायकल होतं का हो?" या प्रश्नाला जवळजवळ नेहमीच "होतं" असं उत्तर देता येतं आणि त्याचा उपयोग शून्य. योग्य यंत्र आणि पुरेसा पैसा असला तर थर्माकोलचंही काहीतरी होतं. विचारायचं ते हे की ही वस्तू आपल्या शहरात घेतं कोण, किती साठल्यावर घेतं आणि कोणत्या अवस्थेत घेतं. केंद्रावर काहीच रिसायकल होत नाही. इथे माल वेगळा होतो, साठतो आणि पुढे जातो. पुढे घेणाऱ्याला एकजात, कोरडा माल लागतो. त्यात भेसळ निघाली की तो भाव पाडतो किंवा गोणी तशीच परत करतो. खाली जे काही सांगितलंय ते या एका गोष्टीवरून आलंय.

आणण्याआधी: दारात येणाऱ्या ताईंचं काय?

हा मुद्दा सगळ्यात आधी, कारण उत्साहाच्या भरात तो हमखास राहून जातो. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ पासून आहे. तिच्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबरच्या कराराने घरोघरचा कचरा गोळा करते. दारात येणाऱ्या ताईंना घरामागे ठरलेले पैसे मिळतात, पण कमाईचा मोठा भाग असतो तो सुक्या कचऱ्यातून निघणाऱ्या विकण्याजोग्या मालाचा. पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, पत्रा, चांगली रद्दी. आपण 'पर्यावरणासाठी' म्हणून नेमका हाच माल उचलून केंद्रावर आणला तर त्यांच्या पिशवीत उरतात कुरकुऱ्यांची पाकिटं.

म्हणून आमच्याकडे नियम सरळ आहे. ज्यांच्या दारात कचरावेचक येतात त्यांनी विकला जाणारा माल त्यांनाच द्यावा, स्वच्छ आणि वेगळा करून. केंद्रावर आणावं ते त्यांना विकता येत नाही ते: औषधांची रिकामी पाकिटं, चिप्सची वेष्टनं, सेल, जुने चार्जर, ज्यूसची खोकी. तरीही दुकानांतून, कार्यक्रमांतून, घर बदलणाऱ्यांकडून विकण्याजोगा माल येतोच. तो आम्ही वेगळा करतो, पण विक्रीचे पैसे या भागात काम करणाऱ्या ताईंचे. तुमच्या गावात व्यवस्था वेगळी असेल, पण केंद्र सुरू करताना हा प्रश्न कोणीतरी विचारलाय का, एवढं बघा. नसेल तर तुम्ही विचारा.

घरातली तयारी: धुवा, निथळवा, वाळवा

ओला आणि सुका वेगळा ठेवणं हे २०१६ च्या घनकचरा नियमांपासून कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे त्यावर वेगळं प्रवचन नको. पण 'सुका' या शब्दाकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत. दह्याचा डबा तळाशी बोटभर दही ठेवून गोणीत पडला की दोन दिवसांत मुंग्या, चार दिवसांत वास आणि त्याच गोणीतला कागद बाद.

धुण्यासाठी ताजं पाणी घालवायची गरज नाही. भांडी घासून झाल्यावर उरलेल्या साबणाच्या पाण्यात डबे, बरण्या, दुधाच्या पिशव्या खळबळून काढल्या तरी पुरे. लख्ख करायचं नाहीये, अन्न निघालं पाहिजे. तेलाच्या आणि तुपाच्या पिशव्यांचं मात्र पाण्याने भागत नाही. पिशवी कात्रीने तीन बाजूंनी कापून उघडायची, आत चमचाभर कणीक भुरभुरायची आणि बोटांनी फिरवायची. कणीक तेल ओढून घेते. ती मळलेल्या पिठात घाला, पोळ्या मऊ होतात. मग पिशवी एकदा साबणाच्या पाण्यातून काढा. आमच्या काकू हे करून दाखवतात तेव्हा टेबलाभोवती गर्दी होते. तेलाच्या पिशवीत किती तेल राहतं, हे उलटी कापल्याशिवाय कळत नाही.

दुधाची पिशवी फोडताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण कापून टाकू नका. अर्धी चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकत राहू दे. एवढासा कोपरा सुटा झाला की तो कोणाच्याच हाताला लागत नाही. थेट गटारात जातो.

वाळवण्याचा खरा कस पावसाळ्यात लागतो. जून ते सप्टेंबर दोरीवर कपडेच वाळत नाहीत, तिथे पिशव्या कुठे वाळणार? त्या दिवसांत पिशव्या उलट्या करून चिमट्याला लावा आणि वाळल्या नाहीत तर त्या रविवारी आणूच नका, पुढच्या खेपेला आणा. ओलसर माल बंद गोणीत पंधरा दिवस राहिला की बुरशी धरतो.

शेवटचं: पिशव्यांच्या गाठी मारू नका आणि एकात एक कोंबू नका. कागद भरलेली बरणी आणि ती बरणी भरलेला डबा असा माल 'आवरून' आणणारे पुष्कळ असतात. टेबलावर ते सगळं पुन्हा उपसावं लागतं.

केंद्रावर पोचल्यावर

आल्याआल्या पिशवी गोणीत उपडी करायची नाही. टेबलावर पसरायची. हातमोजे आम्ही देतो, पायात बूट किंवा बंद चप्पल हवी, कारण काच कधी कुठून निघेल सांगता येत नाही.

सगळ्यात आधी धोक्याच्या वस्तू बाजूला काढायच्या: सेल, बल्ब, फुटकी काच, ब्लेड, सुया. मग मोठ्या वस्तू, म्हणजे खोकी, डबे, बाटल्या. बारीक चिल्लर शेवटी. हा क्रम मोडला की बारीकसारीक चाळत बसताना बोटात ब्लेड घुसतं. मालात हात घालून चाचपायचं नाही, पसरून बघायचं. वर्षानुवर्षं कचऱ्यात काम करणाऱ्या ताई एवढं कटाक्षाने पाळतात.

कागद

कागदात चार गठ्ठे पडतात: वर्तमानपत्रं, वह्या-पुस्तकं आणि पांढरे कागद, पुठ्ठा, आणि उरलेला मिसळ कागद. पुठ्ठ्याची खोकी चिकटपट्टी फाडून चपटी करा आणि सुतळीने बांधा. चपटी न करता आणलेली पाच खोकी अख्ख्या टेबलाची जागा खातात. स्टेपलच्या पिना राहिल्या तरी चालतात, कागद गिरणीत भिजवून लगदा करताना त्या वेगळ्या निघतात. वहीची स्प्रिंग आणि प्लास्टिकचं कव्हर मात्र काढा.

कागदासारखं दिसणारं सगळं कागद नसतं. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. लग्नपत्रिकांवर मखमल, सोनेरी वर्ख, प्लास्टिकचा मुलामा, त्यामुळे बहुतेक पत्रिका बाद, आतला साधा कागद तेवढा फाडून घ्यायचा. मॉलमधली, एटीएममधली गुळगुळीत पावती हा उष्णतेने छापलेला कागद असतो आणि त्याच्यावर रसायनाचा लेप असतो. ओळखायचं सोपं आहे: नखाने ओरखडा काढा, काळी रेघ उमटली की तो आपल्या गठ्ठ्यात नको. पिझ्झाच्या खोक्याचं झाकण बहुधा कोरडं असतं, ते पुठ्ठ्यात. तेल आणि चीज लागलेला तळ फाडून ओल्या कचऱ्यात. तेलकट कागद लगद्यात गेला की तेल काही केल्या सुटत नाही.

एक गोष्ट लोक विसरतात. बँकेची पत्रं, आधारच्या झेरॉक्स, कुरियरच्या खोक्यावरचा नाव-पत्ता-फोनचा कागद, डॉक्टरांची कागदपत्रं. ही घरूनच फाडून आणा. आम्ही वाचत नाही, पण गठ्ठा इथून निघून चार हातांतून जातो.

ताक, ज्यूस, दूध यांची जी चौकोनी खोकी येतात ती कागदात टाकू नका. त्यांत साधारण तीन चतुर्थांश कागद असतो, बाकी प्लास्टिक आणि अगदी थोडं ॲल्युमिनियम, सगळे थर एकमेकांना चिकटलेले. ती वेगळी गोळा केली तर त्यांना घेणारे आहेत. लगदा काढून झाल्यावर उरलेल्या प्लास्टिक-ॲल्युमिनियमचे जाड पत्रे बनतात आणि त्या पत्र्यांपासून शाळेची बाकं होतात. कोपरे उघडा, चपटी करा, आत पाणी फिरवा, स्ट्रॉ काढा. ताकाच्या खोक्याचा वास फार लवकर येतो, त्यामुळे तेवढं तरी धुवाच.

प्लास्टिक: इथे वेळ जातो

रविवारचा अर्धा वेळ इथेच जातो आणि भांडणंही इथेच होतात. 'प्लास्टिक' असा एकच पदार्थ नाही. बाटलीच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ मधला आकडा असतो. तो 'रिसायकल होईल' असं आश्वासन देत नाही, फक्त प्लास्टिकची जात सांगतो. १ म्हणजे पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या, ज्यांना ब्रँड कोणताही असो, भंगारच्या दुकानात 'बिसलेरी'च म्हणतात. २ म्हणजे शाम्पू, फिनेल, डिटर्जंटच्या अपारदर्शक बाटल्या. ३ म्हणजे पीव्हीसी, त्याबद्दल पुढे. ४ म्हणजे दुधाच्या पिशव्या आणि ताणली जाणारी मऊ पिशवी. ५ म्हणजे हॉटेलातून येणारे जेवणाचे डबे, बाटल्यांची बरीचशी झाकणं. ६ म्हणजे थर्माकोल आणि पटकन मोडणारे कप-चमचे. ७ म्हणजे वरच्या सहात न बसणारं काहीही.

आकडा पुसला असेल किंवा नसेलच, तर हाताने ओळखायला शिका. पिशवी दोन्ही हातांनी ताणा. ताणत गेली, पांढुरकी पडली, तर ती मऊ जातीची, ४ मध्ये. ताणलीच नाही, कडकड वाजली आणि एकदम सरळ फाटली, तर ती ५ च्या जातीची. नव्या शर्टावरची पारदर्शक पिशवी अशीच असते. चिप्सचं पाकीट मुठीत आवळून सोडा. चुरगळलेलंच राहिलं तर ॲल्युमिनियमची फॉईल, परत उलगडलं तर धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिक. डबा टेबलावर आपटा. मंद आवाज आला आणि दाबल्यावर लवचिक वाटला तर ५, टणटणीत वाजला आणि दाबल्यावर चीर पडली तर ६.

यानेही भागलं नाही तर पाण्याची बादली आहे. तुकडा कापून पाण्यात सोडायचा आणि बोटाने एकदा बुडवायचा, कारण हवेचे बुडबुडे चिकटून कधीकधी उगाच तरंगतो. २, ४ आणि ५ पाण्यापेक्षा हलके, ते वर येतात. १ आणि ३ जड, ते तळाशी जातात. कारखान्यातही भुगा केलेलं प्लास्टिक मोठ्या टाक्यांमध्ये असंच वेगळं करतात. बाटली तळाशी, तिच्या झाकणाचा भुगा वर.

आता अडचण लक्षात येईल. १ आणि ३ दोन्ही बुडतात, म्हणजे पाण्याने ते वेगळे होत नाहीत. बाटलीचं प्लास्टिक वितळवायला साधारण २५० ते २६० अंश सेल्सियस लागतात. तेवढ्या तापमानाला पीव्हीसी जळून त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल निघतं. ते यंत्र खातं आणि बाटलीच्या मालाला पिवळा रंग आणतं. म्हणून बाटल्यांच्या गोणीत पाइपाचे तुकडे, गोळ्यांची पारदर्शक पाकिटं, जुन्या वायरीचं आवरण जाता कामा नये. गोळ्यांची पाकिटं वेगळ्या डब्यात जातात. आणि वाढदिवसाचे फ्लेक्स? तेही पीव्हीसीचेच. ते आम्ही घेत नाही, पण खरं सांगायचं तर पावसाळ्यात गोण्या झाकायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. आमच्या पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांवर एका भावी नगरसेवकांचा चेहरा दोन वर्षं हसतोय.

भंगारच्या धंद्यातले जुने लोक प्लास्टिकचा तुकडा लायटरने पेटवून वासावरून जात सांगतात, आणि अचूक सांगतात. ते बघून पोरांना मोह होतो. करू नका. पीव्हीसीचा धूर घशात गेला तर दिवसभर खोकत बसाल.

बाटल्यांची झाकणं काढून वेगळ्या डब्यात टाका. बऱ्याच ठिकाणी झाकणासकट बाटली घेतात आणि कारखान्यात ती तरंगून वेगळी होतातच. पण आम्ही काढतो, दोन कारणांनी: झाकणांना स्वतंत्र गिऱ्हाईक आहे, आणि झाकण लावलेली बाटली चेपत नाही, गोणीत हवाच भरली जाते. मानेवर उरणारी गोल रिंग काढायच्या नादाला लागू नका, बोट कापून घ्याल.

काळे डबे, विशेषतः हॉटेलचे, बहुतेक ५ चे असतात आणि आम्ही घेतो, पण रंगीत मालात. काळ्याचा परत काळाच माल होतो, म्हणून भाव कमी. आणि हो, डब्यातली ग्रेव्ही धुवून आणा. मसाल्याचा पिवळा डाग राहिला तर राहू द्या, तो निघत नाही आणि कोणी विचारतही नाही.

नव्याने आलेली एक डोकेदुखी म्हणजे 'कंपोस्टेबल' छापलेल्या पिशव्या. दिसतात हुबेहूब प्लास्टिकसारख्या, पण असतात स्टार्च वगैरेपासून केलेल्या. मऊ प्लास्टिकच्या गोणीत त्या गेल्या की वितळताना सगळा घाणा कमकुवत होतो. छापलेलं वाचा आणि वेगळ्या काढा. साध्या कॅरीबॅगांबद्दल एवढंच की १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर २०२२ च्या अखेरीपासून देशभर बंदी आहे, महाराष्ट्राने तर २०१८ मध्येच कडक नियम केले. तरी भाजीवाल्याकडे त्या मिळतात आणि घरात साठतात. आम्ही घेतो, दंड लावत नाही.

चिप्स, बिस्किटं, वॉशिंग पावडर यांची थराथरांची वेष्टनं भंगारवाला घेत नाही. ती आम्ही वेगळ्या गोणीत दाबून भरतो आणि बहुतेक माल सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो. याला रिसायकल म्हणवत नाही. पण ओढ्यात जाण्यापेक्षा बरं.

काच आणि धातू

हे सोपं आहे. काचेच्या बाटल्या अख्ख्या असतील तर उत्तम. बिअरच्या बाटल्या तर धुऊन पुन्हा भरल्या जातात, म्हणून फोडू नका. काही मंडळी या बाटल्या वर्तमानपत्रात आणि मग काळ्या पिशवीत गुंडाळून, पहाटे आमच्याही आधी दाराशी ठेवून जातात. लाजायचं काही कारण नाही, उघड आणा, पिशवीचं प्लास्टिक वाचेल. फुटलेली काच पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करा आणि वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहा. आरसा, चिनी मातीचे कप, ओव्हनमध्ये चालणारी भांडी या गोणीत नकोत. आरशाच्या मागे लेप असतो, आणि बाकीची बाटलीच्या काचेच्या तापमानाला वितळत नाहीत आणि नव्या बाटलीत खडा राहतो, तिथून ती तडकते.

धातूला चुंबक लावा. आमच्या टेबलाला बिघडलेल्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक दोरीने बांधलंय. चिकटला तो लोखंड किंवा पत्रा, नाही चिकटला तर बहुधा ॲल्युमिनियम किंवा पितळ. काही स्टीलही चिकटत नाही, तेव्हा वजनावरून अंदाज घ्यावा लागतो. ॲल्युमिनियम जपून गोळा करा, कारण खनिजापासून नवं करण्यापेक्षा जुनं वितळवायला सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते, आणि भावही चांगला येतो. फॉईलचे बारीक तुकडे एकत्र करून मुठीएवढा गोळा करा. डिओच्या बाटल्या पूर्ण रिकाम्या झाल्यावरच आणा, आणि त्यांना भोक पाडू नका.

सेल, बल्ब, मोबाइल

हे आणताना बाकीच्या मालात मिसळू नका, हातात वेगळं द्या. लिथियमची बॅटरी, म्हणजे मोबाइल, पॉवर बँक, खेळण्यातलं ड्रोन, इअरफोनची डबी, ही दाबली गेली किंवा तिची दोन टोकं धातूला लागली तर पेट घेऊ शकते, आणि आमच्या गोण्यांशेजारी लोकांच्या गाड्या उभ्या असतात. टोकांवर साधी चिकटपट्टी लावून आणा. फुगलेली बॅटरी असेल तर पिशवीत कोंबू नका. दाराशी थांबा आणि हाक मारा. तिच्यासाठी कोरड्या वाळूची बादली ठेवली आहे. घड्याळातले चकतीसारखे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला गेला तर अन्ननलिका जाळतो.

सीएफएल आणि ट्यूबलाइटमध्ये थोडा पारा असतो. त्या मूळच्या खोक्यात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळून, उभ्या धरून आणा. घरीच फुटली तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. केरसुणी किंवा व्हॅक्यूम फिरवू नका, पारा पसरतो. जाड कागदाने तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा आणि सगळं बंद बरणीत ठेवा.

मोबाइल, लॅपटॉप आणताना आतली माहिती पुसा, सिम आणि कार्ड काढा. हा माल आम्ही फक्त अधिकृत परवाना असलेल्या कंपनीला देतो आणि पावती फलकावर लावतो. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्यांना जास्त भाव देऊन माल विकत घ्यायची फार हौस असते.

जे आम्ही घेत नाही

सॅनिटरी पॅड आणि डायपर कुठल्याही परिस्थितीत नाही. ते कागदात घट्ट गुंडाळून, वर लाल ठिपका काढून, वेगळे रोजच्या कचऱ्यात द्या. ठिपका बघितला की उचलणाऱ्या ताईंना पुडकं उघडून पाहावं लागत नाही. इन्शुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात साठवून तुमच्या डॉक्टरांना किंवा दवाखान्याला विचारा. मुदत संपलेली औषधं, रंगाचे अर्धवट डबे, कीटकनाशकाच्या बाटल्या, चपला, जुन्या गाद्या, नारळाच्या करवंट्या हेही नको. कपड्यांसाठी वेगळा दिवस असतो, आणि तेव्हाही घालण्याजोगेच. फाटके द्यायचे तर पोछा म्हणून घरीच वापरा.

दिवाळीच्या आधीचा रविवार मात्र वाईट असतो. माळ्यावरचं सगळं उतरतं आणि 'बघा तुम्हाला काही उपयोग होतोय का' म्हणत लोक पोती टेकवून जातात. त्या दिवशी आम्ही दारातच पिशवी उघडायला लावतो. राग येतो लोकांना, येऊ दे.

वजन, नोंद आणि शंकेचा डबा

वेगळा झालेला माल गोणीत भरला की वर खडूने नाव लिहायचं, काट्यावर ठेवायचं आणि वहीत जात व वजन मांडायचं. जपानमधल्या कामिकात्सु या गावाने २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा निर्धार केला, तिथे लोक चाळीसहून जास्त प्रकारांत कचरा वेगळा करतात आणि प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असतं की याचं पुढे काय होतं आणि त्यातून पैसे येतात की जातात. आमचे प्रकार तेवढे नाहीत, पण ती पाटीची कल्पना आम्ही उचलली. 'पुठ्ठा: गिरणीत, पैसे येतात.' 'चिप्सची पाकिटं: भट्टीत, टेम्पोचं भाडं आपल्या खिशातून.' ही दुसरी पाटी लावल्यापासून चिप्स आणणारे एक क्षण थबकतात.

जी वस्तू ओळखूच येत नाही ती अंदाजाने कुठल्याही गोणीत टाकू नका. टेबलाच्या टोकाला निळा क्रेट आहे, त्यात ठेवा. माल घेऊन जाणारे टेम्पोवाले काका आले की तो क्रेट त्यांच्यासमोर उपडा करतो. ते एकेक वस्तू हातात घेऊन 'हे चालतं', 'हे फेका' असं सांगत जातात, आणि अर्ध्या तासात जेवढं शिकायला मिळतं तेवढं कुठल्याच लेखात नाही, यातही नाही. तेव्हा नेमके घरी पळू नका.

पहिल्या दिवशी पुठ्ठ्यापाशी उभे राहा. तिथे चुकायला फारसं काही नाही, आणि शेजारच्या प्लास्टिकच्या टेबलावर काय चाललंय ते ऐकू येतं. दुसऱ्या खेपेला झाकणं आणि बाटल्या, मग मऊ पिशव्या. सेल-बल्बचं टेबल नवीन माणसाला देत नाही. मुलांना आणा, चुंबकाचं काम त्यांना आवडतं, पण काचेपासून लांब ठेवा.

पाण्याची बाटली आणि हात पुसायला फडकं घरून घेऊन या. केंद्र आठला उघडतं आणि अकराला बंद होतं. साडेदहानंतर आलेला माल आम्ही घेतो, पण मग तो वेगळा करायला तुम्हालाही थांबावं लागतं.